स्वयंसेवकांना आधी स्वतः करू द्या : राष्ट्रीय सेवा योजनेच्या संचालकांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय सेवा योजनेच्या राज्य कक्षातील पदाधिकारी, महाराष्ट्रातील विद्यापीठांचे रासेयो संचालक, जिल्हा समन्वयक आणि महाविद्यालयांचे कार्यक्रम अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

दरवर्षी हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयांची विशेष श्रमसंस्कार शिबिरे दत्तक गावांत भरतात. सात दिवस मुले-मुली गावच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात राहतात, पहाटे प्रभातफेरी काढतात, सकाळी शोषखड्डे खणतात, वनराई बंधारे घालतात, दुपारी बौद्धिक ऐकतात आणि रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य सादर करतात. या वेळापत्रकात एखादी दुपार बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेतील मुलांसाठी राखलेली असते. तिला ‘विज्ञान प्रयोग’, ‘हस्तकला’, ‘चित्रकला स्पर्धा’ किंवा नुसतेच ‘विद्यार्थी मार्गदर्शन’ असे नाव दिलेले असते. या पत्राचा विषय ती दुपार आणि त्या दुपारसाठी स्वयंसेवकांची जी तयारी व्हायला हवी आणि होत नाही, ती तयारी हा आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. योजनेच्या मार्गदर्शिकेने प्रत्येक स्वयंसेवकाच्या वर्षाच्या १२० तासांपैकी २० तास उद्बोधनासाठी ठेवले आहेत आणि त्यांतले १० तास कार्यक्रमाला लागणारी कौशल्ये शिकण्यासाठी आहेत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत हे १० तास सभागृहात, खुर्च्यांवर बसून, पाहुण्यांच्या व्याख्यानांत संपतात. हे तास स्वयंसेवकांच्या हातांना द्यावेत, म्हणजे विज्ञानाचे प्रयोग, खेळणी, बाहुल्या, रंग आणि वाद्ये त्यांनी स्वतः बनवावीत, बिघडवावीत, पुन्हा बनवावीत, आणि मुलांसोबत हेच काम कसे करायचे ते त्यातून शिकावे, अशी माझी विनंती आहे. मी काही वर्षे कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केले आहे आणि निवृत्तीनंतर महाविद्यालयीन तरुणांना अशा कामासाठी तयार करण्यात माझा बराचसा वेळ जातो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

आपला स्वयंसेवक एकोणीस-वीस वर्षांचा असतो. तो ज्या शाळेतून आला तिथे विज्ञान त्याला प्रश्नोत्तरांच्या रूपात मिळाले. प्रयोगवहीतली निरीक्षणे बहुधा आधीच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेली होती आणि चित्रकलेच्या तासाला फळ्यावरचे चित्र वहीत आले की काम संपत होते. अशा तरुणाला आपण एका गावात नेतो, चाळीस मुले त्याच्यापुढे बसवतो आणि त्यांना काही तरी कृतिशील शिकव असे सांगतो. तेव्हा तो त्याला जे मिळाले तेच देतो, आणि यात त्याचा काहीही दोष नाही. तो प्रयोग करून दाखवतो, मुले लांबून पाहतात. तो ‘पर्यावरण वाचवा’ हा विषय देतो आणि दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झाड अशी चाळीस चित्रे त्याच्यासमोर येतात. त्यांतल्या तिघांना पेन्सिलीचे बक्षीस मिळते. अनेक शिबिरांत चमत्कारांमागचे विज्ञान उलगडून दाखवणारे सादरीकरण होते. त्याबद्दल मला फार आदर आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे, पण तिथेही मुलांच्या वाट्याला प्रेक्षकाचीच जागा येते.

तयारी म्हणजे नेमके काय, हे एका साध्या प्रयोगावरून सांगतो, कारण मला जे म्हणायचे आहे ते बहुतेक सगळे त्यात आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गावात डिसेंबरच्या शेवटी शिबिर आहे असे धरू. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि मुलांना सांगितले की सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली कधी पडेल, असे विचारले की सगळी मुले एका सुरात ‘बारा वाजता’ म्हणतात, आणि स्वयंसेवकालाही तसेच वाटत असते. बारा वाजतात, खडा ठेवला जातो, आणि त्यानंतरही सावली आखूडच होत राहते. साडेबाराच्या पुढे केव्हा तरी ती सर्वांत आखूड होते आणि मग वाढू लागते. या क्षणी तयारी नसलेला तरुण काय करतो, ते मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. काठी तिरकी झाली असेल, खडे चुकीच्या जागी ठेवले असतील, घड्याळ पुढे असेल असे म्हणून तो बाराचा खडा हातानेच थोडा आत सरकवतो आणि पुस्तकातले उत्तर जमिनीवर आणतो. मुले त्याच्याकडे पाहत असतात आणि त्या दिवशी ती काय शिकतात, याचा आपण विचार करायला हवा. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि आपल्या हाताने मोजलेले खोटे, आणि आधी ठाऊक असलेले उत्तर खरे, हा धडा त्यांना मिळतो.

ज्या तरुणाने हाच प्रयोग महाविद्यालयाच्या मैदानावर स्वतः केला आहे, ज्याला तिथे हाच धक्का बसला आहे आणि ज्याने त्याचा छडा लावला आहे, त्याचे हात खड्याकडे जात नाहीत. त्याला माहीत असते की भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. कोल्हापूर त्याच्या सुमारे सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे, एका अंशाला सूर्याला चार मिनिटे लागतात, म्हणून इथली खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर अर्ध्या तासाहून थोडी अधिक उशिरा होते. पण हे सगळे तो लगेच सांगून टाकत नाही. तो विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं, असं का झालं असेल?’ आणि गप्प बसतो. हे गप्प बसणे मी प्रशिक्षणातले सर्वांत अवघड कौशल्य मानतो. एखादे मूल म्हणते की काठी उंच आहे म्हणून असे झाले. मग दुसरी आखूड काठी रोवून उद्या पाहू असे ठरते. दुसरे म्हणते की आमच्या घड्याळात चूक आहे, मग पाच घड्याळे ताडून पाहिली जातात. दुसऱ्या दिवशी सावली पुन्हा त्याच सुमारास आखूड झाली की मुलांच्या मनात खरा प्रश्न उभा राहतो, आणि नकाशा उघडायची वेळ तेव्हा आलेली असते.

हाच प्रयोग आपल्या योजनेला आणखी पुढे नेता येतो, कारण एकाच आठवड्यात राज्याच्या दोन टोकांना शिबिरे चालू असण्याचे भाग्य दुसऱ्या कोणत्या संघटनेला सहज लाभत नाही. २२ डिसेंबरच्या आसपास कोल्हापुरात एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे ८४ सेंटीमीटर येते आणि नागपुरात सुमारे ९९ सेंटीमीटर. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या अंगणातल्या काठीचा आणि सावलीचा त्रिकोण कागदावर काढून त्याचा काठीच्या टोकाकडचा कोन कोनमापकाने मोजला तर एका ठिकाणी साधारण ४० अंश आणि दुसऱ्या ठिकाणी साडेचव्वेचाळीस अंशांच्या जवळपास भरतो. फरक सुमारे साडेचार अंशांचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा ऐंशीवा भाग. कोल्हापूर आणि नागपूर यांच्यातले दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून काढले तर ते ४९५ किलोमीटरच्या आसपास भरते. त्याला ऐंशीने गुणले की ३९,६०० किलोमीटर येतात आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये जी युक्ती वापरली तीच ही. सातवीतल्या दोन गावांच्या मुलांनी एकमेकांशी फोनवर बोलून, सुतळी आणि काठीने पृथ्वी मोजली, हे आपल्या वार्षिक अहवालात यावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागते ती फक्त दोन ठिकाणच्या स्वयंसेवकांची आधीची तयारी.

कलेकडे येतो. इथे आपली परिस्थिती विज्ञानापेक्षाही बिकट आहे, कारण कला म्हणजे स्पर्धा आणि स्नेहसंमेलनातला नाच, इतकाच अर्थ शिबिरात उरला आहे. सकाळी जी सावली मोजली तीच संध्याकाळी धोतराच्या पडद्यामागे दिवा लावून खेळवता येते. दिव्याजवळ पुठ्ठ्याची बाहुली नेली की तिची सावली मोठी होते, पडद्याजवळ आणली की लहान आणि रेखीव होते. मुले हे दहा मिनिटांत शोधून काढतात आणि मग राक्षस मोठा कसा करायचा, उंदीर लहान कसा ठेवायचा हे त्यांचे तेच ठरवतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कोकणातल्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षणात या घरांतली माणसे शिक्षक म्हणून यावीत, त्यांना व्याख्यात्याइतकेच मानधन मिळावे आणि आपल्या मुलांनी त्यांच्या समोर बसून बाहुलीचा सांधा कसा बांधतात ते शिकावे.

प्रत्येक गावात असे काही ना काही असते. डहाणू-जव्हारकडे वारली चित्रांसाठी गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आहे, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली हा अगदी अलीकडचा इतिहास आहे. घाटावर तुणतुणे आहे, ज्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. ताण आणि स्वर यांचे नाते समजावून सांगायला यापेक्षा चांगले उपकरण कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. हलगी वाजवणारा माणूस वाजवण्याआधी ती जाळावर शेकतो. का शेकतो, असे मुलांनी त्यालाच विचारावे. कातड्यातला ओलावा उडाला की ते ताणले जाते आणि नाद मोकळा होतो, हे तो आपल्या शब्दांत सांगेल आणि वाजवून दाखवेल. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लाल होते हे घरोघरी ठाऊक आहे, हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे भिजवले की काळी शाई होते हे थोड्यांना ठाऊक आहे. या दोन्हींत रसायनशास्त्र आहे आणि दोन्हींनी चित्र काढता येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हलगी वाजवणाऱ्याला, टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला, मडकी घडवणाऱ्या कुंभाराला गावात कोणता मान मिळत आला, हे आपण सगळे जाणतो. शिबिराच्या उद्घाटनाला मिरवणुकीत हलगी वाजते आणि वाजवणारा मंडपाबाहेर उभा राहतो, हे दृश्य मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहे. त्या माणसाला शाळेच्या वर्गात खुर्ची देऊन, ‘काका, आम्हाला शिकवा’ असे म्हणणारा स्वयंसेवक घडवणे हा या प्रशिक्षणाचा भाग आहे आणि माझ्या लेखी तो प्रयोगांइतकाच मोलाचा आहे. समतेवरच्या बौद्धिकाने जे होत नाही, ते अशा एका तासाने होऊ शकते, कारण त्या खोलीत ज्ञान कोणाकडे आहे हे मुलांना उघड दिसत असते.

हे सर्व नवे नाही, आणि नव्याने शोधायचीही गरज नाही. वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना देशापुढे ठेवली, आणि त्यांच्याच जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० स्वयंसेवकांना घेऊन आपली योजना सुरू झाली. त्या वारशातले श्रम आपण घेतले, पण श्रमातून शिकणे मागे राहिले. आपल्या शिबिरात सकाळची कुदळ आणि दुपारचे भाषण यांची एकमेकांशी ओळखही नसते. शोषखड्डा खणल्यावर त्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे मोजले, दोन वेगवेगळ्या जागी मोजून तुलना केली, तर तो खड्डा श्रमदान आणि विज्ञान दोन्ही होतो. बंधाऱ्याची जागा ठरवताना गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन समपातळी काढली, तर शाळेच्या पुस्तकातला द्रवाचा दाब तिथेच भेटतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पाने यांतूनच शिकण्याचे साहित्य तयार केले गेले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या शालेय कार्यक्रमात आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन, स्वयंपाक आणि आरोग्य या विषयांचे हातांनी काम मिळू लागले. शिकवणारे बरेचदा त्याच परिसरातले कारागीर आणि तरुण असत. गावातल्या तरुणाला योग्य प्रशिक्षण दिले तर तो शाळेत उत्तम शिक्षक होतो, याचा याहून जवळचा पुरावा आपल्याला शोधावा लागणार नाही.

पण ज्या कार्यक्रमापासून आपण सर्वांत जास्त शिकले पाहिजे तो आपल्या शेजारच्या राज्यातला आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातल्या अशा सर्व शाळांत गेला, १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे अनेक जिल्ह्यांत नेला आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्टीत तिथे येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून तिथे गेले, आणि आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आकार बनवण्याची त्यांची युक्ती तिथल्या आठवडी बाजारात सापडलेल्या साहित्यातून निघाली. त्या काड्यांचा चौकोन हाताने दाबला की तो वाकडा होतो, त्रिकोण वाकत नाही. आपल्या स्वयंसेवकाने हे एकदा करून पाहिले की पत्र्याच्या छपराची कैची त्रिकोणांची का असते, हा प्रश्न त्याला शाळेच्या व्हरांड्यात बसून विचारता येतो.

होशंगाबादची खेळणी पुष्कळ ठिकाणी पोचली, तिथली पद्धत मात्र फारशी पोचली नाही, आणि मला ती पद्धत आपल्यापर्यंत पोचवायची आहे. तिथल्या शिक्षकांना दर इयत्तेसाठी उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे प्रशिक्षण मिळे, आणि त्या प्रशिक्षणात शिक्षकांनी मुलांचेच प्रयोग, मुलांच्याच पुस्तकातून, मुलांसारखेच करायचे असत. त्यानंतर दर महिन्याला शिक्षक एकत्र येत आणि वर्गात काय झाले, कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते मांडत. कोणी तरी अनुभवी माणूस अधूनमधून शाळेत येऊन वर्ग पाही, आणि तो चुका काढण्यासाठी येत नसून सोबत करण्यासाठी येत असे. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी त्यांनी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पोस्टकार्डे पाठवत आणि त्यांना उत्तरे येत. हे परत भेटणे, परत बोलणे, हा त्या कार्यक्रमाचा कणा होता. आपल्याकडे जी एकदिवसीय कार्यशाळा होते, ज्यात पाहुणे वीस खेळणी भराभर दाखवतात, टाळ्या पडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मंडळी घरी जातात, तिच्यातून आठवडाभरानंतर काहीही उरत नाही. याला पाहुणे जबाबदार नाहीत. पुढची भेट ठरलेलीच नसते, म्हणून असे होते.

तेव्हा ठोस काय करावे, ते माझ्या परीने मांडतो. उद्बोधनातल्या त्या १० कौशल्यतासांची चार सत्रे करावीत आणि त्यांत कमी प्रयोग घ्यावेत, पाच-सहाच, पण प्रत्येक स्वयंसेवकाने ते पूर्ण करावेत. सावलीची काठी, काड्यांचे त्रिकोण, छायाबाहुली, नैसर्गिक रंग, एक तारवाद्य आणि पाण्याची पातळी इतके पुरे आहे. प्रत्येक सत्रात अर्धा वेळ स्वतः करण्यासाठी आणि अर्धा वेळ एकमेकांना मुले समजून शिकवण्यासाठी असावा, आणि जो शिकवतो त्याला फक्त प्रश्न विचारण्याची मुभा असावी. त्यानंतर समाजकार्याच्या ७० तासांतून प्रत्येक गटाने महाविद्यालयाच्या जवळची एकच शाळा धरावी आणि पंधरवड्यातून एकदा तिथे जावे. दरवेळी नवी शाळा घेतल्याने अहवालातले आकडे वाढतात, पण मुलांना ओळखणारी ताई किंवा दादा मिळत नाहीत. महिन्यातून एकदा सर्व गटांनी महाविद्यालयात बसून काय फसले ते बोलावे. या बैठकीला कार्यक्रम अधिकाऱ्याने हजर राहावे, पण अध्यक्षपद घेऊ नये. सात दिवसांच्या शिबिरात जी दुपार मुलांसाठी असते तिच्याऐवजी रोज दीड तास त्याच मुलांसोबत द्यावा, म्हणजे सावली आज मोजली, उद्या पुन्हा मोजली, परवा नकाशा उघडला, असे काही घडू शकेल.

या सर्वाआधी आपल्याला कार्यक्रम अधिकाऱ्यांना तयार करावे लागेल. आज कार्यक्रम अधिकारी म्हणून मराठीचे, वाणिज्याचे, भूगोलाचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आपापल्या अध्यापनाचा भार सांभाळून शंभर स्वयंसेवकांचे एकक चालवतात आणि त्यांच्या प्रशिक्षणात लेखे, प्रपत्रे आणि शासकीय मोहिमांची माहिती यांनाच बहुतेक वेळ जातो. त्यांच्या उद्बोधन वर्गात निदान एक पूर्ण दिवस असा असावा की ज्या दिवशी ते स्वतः काठी रोवतील, स्वतः खडे ठेवतील आणि बाराचा खडा का सरकतो यावर एकमेकांशी वाद घालतील. मराठीच्या प्राध्यापकाला भीती वाटेल की विज्ञान आपले नाही. त्याने घाबरू नये. माझा अनुभव असा आहे की कला शाखेचे विद्यार्थी या कामात फार चांगले निघतात, कारण त्यांना उत्तर आधी ठाऊक नसते आणि ते मुलांइतक्याच कुतूहलाने सावलीकडे पाहतात. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका या दोन्ही ठिकाणी अशा कामाची दीर्घ परंपरा आहे. तिथल्या मंडळींना विद्यापीठाने औपचारिक पत्र लिहून सहभागी करून घ्यावे.

खर्चाचा प्रश्न येईल. शिबिराचे अनुदान तुटपुंजे असते हे मी स्वतः हिशेब लिहिल्यामुळे जाणतो. पण काठ्या, सुतळी, पुठ्ठा, गेरू, हळद, चुना, काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब हे सगळे साहित्य पन्नास शिबिरार्थींच्या एका वेळच्या जेवणाच्या खर्चात येते, आणि उद्घाटनाच्या शाली-श्रीफळांतून व फलकांतून वाचवता येते. खरा खर्च कारागिरांच्या मानधनाचा आहे आणि तिथे काटकसर करू नये. गावातली माणसे प्रेमाने येतात म्हणून त्यांना फुकट बोलवावे, हा विचार आपण सोडून द्यावा.

वेळेचा प्रश्नही येईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता अनेक विद्यापीठांत योजनेतल्या सहभागाला श्रेयांक मिळू लागले आहेत, आणि त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त विद्यार्थी नाव नोंदवत आहेत. ही संधी आहे आणि धोकाही. मूल्यमापन जर उपस्थितीपटावर आणि छायाचित्रांवर राहिले, तर मुले छायाचित्रापुरती शाळेत जातील. त्याऐवजी प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षभराची एक साधी वही ठेवावी, जिच्यात कोणत्या दिवशी मुलांनी कोणता प्रश्न विचारला, त्याला काय उत्तर सुचले नाही, पुढच्या खेपेला त्याने काय बदलले एवढेच असेल. ती वही वाचून श्रेयांक द्यावेत. कोणाच्या वहीत सगळेच प्रयोग यशस्वी झालेले असतील, तर त्या विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याशी जरूर बोलावे.

शाळांच्या शिक्षकांना विसरून हे काम करता येणार नाही. अनेक ठिकाणी एकाच गुरुजींकडे किंवा बाईंकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असतात, त्यात सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा व्याप असतो. त्यांच्या दृष्टीने बाहेरून आलेली तरुण मंडळी ही बरेचदा वर्गाची घडी विसकटून जाणारी पाहुणे मंडळी असते, आणि ही तक्रार रास्त आहे. गटाने पहिल्या भेटीत मुलांना काहीही शिकवू नये, फक्त शिक्षकांसोबत बसून त्या महिन्यात पुस्तकातला कोणता भाग चालू आहे ते विचारावे आणि त्याला जोडूनच आपले काम आखावे. साहित्याची पेटी वर्षअखेर शाळेतच राहू द्यावी. मुलींच्या सुरक्षित प्रवासाची, उन्हात उभे राहण्याच्या वेळेची, कात्री-ब्लेड वापरण्याच्या शिस्तीची काळजी कार्यक्रम अधिकारी आजही घेतात, त्यात मी नवे काही सांगत नाही.

माझी शेवटची विनंती नेमकी आहे. जून-जुलैत आपण वर्षाचे नियोजन करता आणि जिल्हावार बैठका घेता. येत्या बैठकीत प्रत्येक जिल्ह्यातून स्वेच्छेने पुढे येणारी पाच महाविद्यालये निवडावीत, त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचे दोन दिवसांचे कृतिप्रशिक्षण ऑगस्टच्या आत व्हावे आणि त्या महाविद्यालयांनी हिवाळी शिबिरांत सावलीचा प्रयोग एकाच आठवड्यात करावा. सगळ्या जिल्ह्यांतली मापे विद्यापीठांनी एकत्र करावीत आणि फेब्रुवारीत ती मोजणाऱ्या मुलांसमोर, त्यांच्याच शाळांत, मांडावीत. या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची आखणी करण्यास, साहित्य जमवण्यास आणि गावोगावच्या कारागिरांशी बोलण्यास माझ्यासारखे अनेक निवृत्त शिक्षक आणि जुने स्वयंसेवक तयार आहेत. आम्हाला कोणतेही पद नको. बैठकीची तारीख आणि ठिकाण तेवढे कळवावे.

आपला नम्र,
एक माजी कार्यक्रम अधिकारी